गार्ड पाठवत नाही

११ फेब्रुवारी

धाकट्या,

अक्षर ओळखलं असशीलच. चार वर्षं आणि तीन महिने मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. आज लिहायला बसले आहे ती तुला माफ केलं म्हणून नाही, हे आधीच सांगते. पहिल्याच ओळीला डोळे पुसत बसू नकोस. तुझी ती सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे.

काल दुपारी शेवटचा सैनिक रंगवून झाला. रशियन तोफखान्याचा गोलंदाज, बोटभर तोफेशेजारी उभा, बोटाच्या पेराएवढा. ढब्या गेला तेव्हा त्याच्या खोलीत सहाशे सैनिक रंगवलेले होते आणि एकोणीसशे नुसते राखाडी, खोक्यांत भरलेले. पहिलं वर्षभर मी त्या खोलीचं दार उघडलं नाही. मग एकदा खिडकी वाऱ्याने आपटत राहिली म्हणून आत गेले, आणि त्याच्या खुर्चीत बसले ती बसलेच. माझी हयात लोकांचे खोटे दात रंगवण्यात गेली. पांढऱ्याच्या सोळा छटा मी चष्म्याशिवाय ओळखते. नेपोलियनच्या लोकांच्या विजारी पांढऱ्या असतात हे माझ्या पथ्यावर पडलं. एका पलटणीच्या विजारी मात्र थेट विडी ओढणाऱ्याच्या दातांसारख्या झाल्या आहेत. पण चिखलातून चालून आलेली माणसं, चालायचंच.

तर अडीच हजार सैनिक तयार आहेत. एक सैनिक म्हणजे शंभर माणसं, असा त्याचा हिशोब. त्याच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. बोरोदिनोची लढाई, १८१२. तारीख सात सप्टेंबर, कारण खरी लढाई त्याच तारखेला झाली. पंच: मामा. फ्रेंच सेनापती: मी. सेनापतीचा हरकारा: लंबू.

ही लढाई मला मांडायची आहे. त्याच्याच तारखेला, त्याच्याच नियमांनी. 'मी' लिहिलंय तिथे मी बसेन. नियम तुला पाठ आहेत, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तुला लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही.

गोदामाच्या आगीत तू माझ्या मुलाला आत पाठवलंस आणि बाहेर काढलं नाहीस. चौकशी समितीने लिहिलं की अग्निशमन केंद्रप्रमुखांचा, म्हणजे तुझा, दोष नाही. राखीव बंब पाणी भरायला कालव्यावर गेला होता, तो परत येईपर्यंत छप्पर कोसळलं. ढब्या मांडणीखाली पाय अडकून पडला होता आणि नऊ मिनिटं वायरलेसवर बोलत होता. तो अहवाल मी इतक्यांदा वाचलाय की पानं सुटी झाली आहेत. त्यावर मला पुन्हा चर्चा नको आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू लगेच साहेबासारखा बोलायला लागतोस. पत्रच लिही.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

पुसले डोळे. काय करू? पाकीट हिने आणून हातात दिलं, आणि तुझं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर बघून मी जिन्यातच बसलो. शेजारच्या काकांना वाटलं मला चक्कर आली.

येतो. तू म्हणशील तेव्हा येतो, म्हणशील तिथे बसतो. नोकरी मुदतीआधी सोडल्यापासून मी घरातल्या नळांचे वॉशर बदलण्यापलीकडे काही केलेलं नाही. हिने आता चांगले नळही माझ्यापासून लपवायला सुरुवात केली आहे.

आता कामाचं. टेबल बारा फूट बाय सहा हवं. तुझ्या बाहेरच्या खोलीतला पलंग काढावा लागेल. सुताराच्या लाकडी घोड्यांवर चार जुनी दारं आडवी टाकली की झालं, मूठ काढलेली असली म्हणजे बास. टेकड्या, ओढे, मधोमध रशियनांचा मातीचा मोठा बुरूज. एक डाव म्हणजे लढाईतला अर्धा तास. पायदळ एका डावात सहा इंच चालतं, घोडदळ बारा. मारामारीला फासे. पडले ते सैनिक उचलून खोक्यात.

पण आपल्या खेळाची खरी मेख वेगळी आहे, आणि ती ढब्याच्या डोक्यातून निघालेली. सेनापतीने टेबल बघायचंच नाही! तो दुसऱ्या खोलीत बसतो. लढणाऱ्यांनी चिठ्ठी लिहायची, हरकाऱ्याने ती आत न्यायची, सेनापतीने उलट चिठ्ठी द्यायची. तोवर टेबलावर एक डाव पुढे गेलेला असतो. म्हणजे तुला कळतं ते सगळं अर्ध्या तासापूर्वीचं. मी त्याला म्हटलं होतं, अरे, असा खेळ कोण खेळेल? तर म्हणाला, "मामा, टेबलाच्या वर उभं राहून बघणं हे देवाचं काम. सेनापतीला कुठे दिसतं सगळं?" तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

आमच्या लंबूचं मात्र जमायचं नाही. तो बेकरीची व्हॅन चालवतो, त्याला सुट्टी नसते. त्याला तू लिहू नकोस. पोरगा ते सगळं विसरायच्या मार्गाला लागलाय. हरकारा म्हणून दुसरं कोणी बघू.

तुझा,
धाकटा


९ मार्च

धाकट्या,

दारं मिळाली. एक माझ्याच न्हाणीघराचं काढलं, आता तिथे पडदा आहे. पलंग भिंतीला उभा केला. टेकड्या दातांच्या साच्याच्या प्लास्टरच्या केल्या. लॅबमधल्या दोघींनी रविवारी येऊन हातभार लावला. त्यातली एक बुरुजाकडे बघून म्हणाली, "बाई, ही तर अक्कलदाढ झाली." खरंच तशी दिसते. त्या दोघी फ्रेंचांची डावी आणि मधली फौज चालवतील. रशियनांकडून भूगोलाचे मास्तर, तिसऱ्या मजल्यावरचे. ते आत्तापासूनच जिन्यात भेटले की माझ्याकडे शत्रूसारखे बघतात.

वही रोज थोडी वाचते. एका पानावर समासात त्याने पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "गार्ड का नाही सोडली? मामाला विचारणे." विचारलं होतं का त्याने? की राहून गेलं? मी विचारते मग. वहीप्रमाणे लढाईच्या दुपारी रशियनांची फळी फाटली होती. सरदार निरोपावर निरोप पाठवत होते, आता गार्ड द्या म्हणून. एकोणीस हजार ताजी माणसं, सगळ्यांत उत्तम, मागे नुसती उभी. आणि नेपोलियनने ती दिली नाहीत. सत्तर हजार माणसं पडू दिली, पण ती नाही. का?

तुला सांगते, ती गार्ड ढब्याने सगळ्यांत आधी रंगवली होती. एकशे नव्वद. अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, आणि प्रत्येकाची मिशी वेगळी. मी भिंग लावून पाहिल्या. एकाला तर त्याने तुझ्या मिशा दिल्या आहेत.

आणि हरकारा लंबूच. वहीत लंबू आहे तर लंबू. एकोणतीस वर्षांच्या माणसाला एक दिवस सुट्टी मिळत नाही, असली कसली बेकरी?

ताई


२० मार्च

ताई,

विचारलं नव्हतं त्याने. राहूनच गेलं. तुझं पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं, कारण उत्तर सोपं नाही.

लोक म्हणतात त्याला त्या दिवशी सर्दीताप होता. म्हणतात तो म्हातारा झाला होता, कचरला. पुस्तकं लिहिणाऱ्यांचं काय जातं? मी तीस वर्षं माणसं आत पाठवली आणि मागे उभा राहिलो, म्हणून मला थोडं कळतं. मागे उभ्या माणसाला धुरापलीकडचं काही दिसत नाही. नुसते आवाज येतात, आणि जो तो एकच मागतो, अजून माणसं द्या. सगळ्यांना द्यावीशी वाटतात. पण हातात एक शेवटची मूठ असते. तीही उघडली की मग तुझ्याकडे काही नाही. उद्या काय करशील? आत गेलेल्यांचं जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं असतं, आणि बाहेरची तुझ्या एका शब्दावर असतात. पायरीवर हेल्मेट मांडीत घेऊन बसलेली, दर मिनिटाला तुझ्याकडे बघणारी. त्या नजरेसमोर 'थांबा' म्हणणं 'जा' म्हणण्यापेक्षा सोपं असतं असं कोणाला वाटत असेल, तर त्याने एकदा उभं राहून बघावं.

राखीव ही वापरायची गोष्ट नसते, ताई. असायची गोष्ट असते. माझं तरी हेच उत्तर आहे. ढब्याला पटलं असतं की नाही, माहीत नाही.

टेकड्यांना हिरवा रंग देताना आधी तपकिरी हात मार, नाहीतर प्लास्टर पांढरं डोकावतं. लंबूचा विषय सोड.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

तुझं उत्तर वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि मनात पाल चुकचुकली.

गार्ड कुठल्या पायरीवर बसली होती रे? आणि हेल्मेट कसली? माझ्यासमोर एकशे नव्वद जण उभे आहेत, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या आहेत, आणि एकही बसलेला नाही.

अहवाल, पान सात: "राखीव बंब त्या वेळी कालव्यावर होता." कालवा गोदामापासून दोन किलोमीटर आहे, मी चालत जाऊन पाहिलंय. तिथे बसलेल्यांच्या मांडीतली हेल्मेट तुला फाटकावरून दिसली?

एवढंच विचारायचं होतं.

ताई


२८ मे

ताई,

उत्तराला उशीर झाला. पाठ धरली होती.

तीस वर्षांत शेकडो आगी पाहिल्या. कुठली पायरी कुठल्या आगीची हे आता डोक्यात वेगळं राहत नाही. लिहिण्याच्या ओघात लिहिलं गेलं. अहवालात आहे तेच खरं आहे, आणि त्याखाली माझी सही आहे. याहून जास्त मला सांगता येणार नाही. तू मात्र शब्दाचा कीस काढू नकोस.

इथे वेगळंच झालंय. हिने लंबूपुढे लढाईचं बोलून टाकलं. चार वर्षांत घरात ढब्याचं नाव निघालं की तो उठून जायचा. या वेळी बसून राहिला आणि म्हणाला, "आत्याने मला बोलावलंय ना? मग मी जाणार." मी नको म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

सहा सप्टेंबरला संध्याकाळी आम्ही दोघं येऊ. फासे मी आणतो.

धाकटा


१० सप्टेंबर

धाकट्या,

परवा तू निघालास तेव्हा मी दारापर्यंत आले नाही. तुला वाटलं असेल दमले. दमले होतेच, पण ते कारण नव्हतं.

तू दिवसभर टेबलाशी होतास, पंच म्हणून. बाहेर जे झालं ते तुला माहीत आहे. मास्तरांनी फासे टाकताना प्रत्येक वेळी हातावर फुंकर मारली तेही माहीत आहे. आतल्या खोलीत काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगायला लिहिते आहे.

सकाळी नऊला तू "पहिला डाव" म्हणालास आणि मी ढब्याच्या खुर्चीत जाऊन बसले. दार ओढून घेतलं. समोर त्याचं टेबल, त्यावर कोऱ्या चिठ्ठ्या, पेन्सिल, आणि ट्रेमध्ये गार्ड. राखीव फौज सेनापतीजवळ ठेवायची, बाहेर पाठवली तरच टेबलावर मांडायची, असं वहीत लिहिलेलं. भिंतीपलीकडे तुमचे आवाज येत होते. कोणीतरी हसायचं, टेप ओढल्याचा आवाज व्हायचा, खोक्यात सैनिक पडल्याचं टक टक ऐकू यायचं. ते टक टक मी मोजायला लागले आणि मग मोजायचं सोडलं. ते बहुतेक मीच रंगवलेले होते. तरी मला तेव्हा विशेष काही वाटलं नाही, हे खरं सांगते. कामात होते.

चिठ्ठ्या येत होत्या. "डावीकडे घोडदळ हवं." दिलं. "ओढ्यापलीकडे जाऊ का?" जा. लंबू आत यायचा, चिठ्ठी ठेवायचा, उत्तर घेऊन जायचा. दाराची चौकट त्याला अजूनही कमी पडते, दर खेपेला वाकायचा. आम्ही कामापलीकडे बोलत नव्हतो. जेवणानंतर मधल्या फौजेने ती अक्कलदाढ घेतली, तुम्ही सगळे ओरडलात, मलाही आनंद झाला. तेवढ्यात चिठ्ठी आली: "गार्ड पाठवा. रस्ता मोकळा आहे."

मी ट्रे ओढून घेतला. पेन्सिल हातात घेतली. 'पाठवते' लिहायचं होतं. कालव्याचं मला कधीच पुरतं पटलं नव्हतं. चार वर्षं मला एकच गोष्ट माहीत होती, की मी असते तर पाठवली असती. नेपोलियन मूर्ख, आणि तूही. त्यासाठीच तर मी हा सगळा घाट घातला होता. तुझ्या देखत, तुझ्याच नियमांनी गार्ड पाठवायची, लढाई जिंकायची आणि म्हणायचं, बघ, असं करायचं असतं. हे मी तुला कधी सांगितलं नसतं. आता सांगितलं.

आणि मी लिहिलं, "पाठवत नाही."

त्याने रंगवलेली होती रे ती. बाकीच्या एकोणीसशेंवर माझा हात होता, त्याचा काय हिशोब? पण ही एकशे नव्वद. प्रत्येकाच्या मिशीवर त्याने श्वास रोखून धरला असेल. ती बाहेर जाणार, फासे पडणार, आणि टक करून खोक्यात. माझा हातच पुढे होईना.

लंबू चिठ्ठी घेऊन गेला आणि लगेच परत आला. नवी चिठ्ठी नव्हती. म्हणाला, "आत्या, पाठव ना. आत्ताच उपयोग आहे. अजून एक डाव गेला की काही होणार नाही." मी नाही म्हणून मान हलवली. तो गेला, तिसऱ्यांदा आला. दारात उभा राहिला, वाकलेला, एक हात चौकटीवर. आणि त्याचा चेहरा बघून मी पेन्सिल खाली ठेवली. तो माझ्याशी बोलतच नव्हता.

"त्या दिवशी पण मी तीनदा विचारलं होतं," म्हणाला. आणि उंबऱ्यात खाली बसला.

बाहेर तू ओरडत होतास, "हरकारा कुठाय? डाव पुढे जातोय!" आम्ही दोघांनी ऐकलं.

बंब कालव्यावर नव्हता. फाटकात होता, चाळीस पावलांवर. टाकी भरलेली. चौघं तयार, लंबू पुढच्या सीटवर खिडकीपाशी. वायरलेसवर ढब्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. तो काय म्हणत होता, ते अहवालात नाही. ते मला लंबूने सांगितलं. "मामा, लंबूला पाठव. त्याचा हात पोहोचेल." मांडणीच्या फटीतून पोहोचायला लांब हात हवा होता. बास, तेवढंच. नऊ मिनिटं तो हेच म्हणत होता, आणि तू वायरलेसवर म्हणत होतास, थांबा.

नंतर तू लंबूला सांगितलंस की अहवालात कालवा लिहू, नाहीतर लोक तुला भित्रा म्हणतील. बाकी तिघांनी साहेबासाठी तोंड मिटलं. आणि पोराची चार वर्षं काय समजूत आहे, माहीत आहे? दलाच्या भरतीतली धुराच्या खोलीतली परीक्षा तो दुसऱ्या खेपेला पास झाला होता. म्हणून बाबांना भरवसा नव्हता. "मी कच्चा होतो, आत्या. पक्का असतो तर बाबांनी पाठवलं असतं. ढब्या माझ्या कच्चेपणामुळे गेला." म्हणून तो पाव पोचवत फिरतो. हे सांगताना तो त्या ट्रेकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे.

काल दिवसभर मी ट्रे पुढ्यात घेऊन बसले होते. मला नेपोलियनचं काही कळत नाही. पण माझा हात का आखडला ते मला कळतं. आता मला तुझं कळायला हवं.

तू छप्पर पाहिलंस म्हणून थांबवलंस, की पुढच्या सीटवर कोण बसलंय ते पाहिलंस म्हणून?

एका ओळीत लिही. सर्दीतापाचं सांगू नकोस.

ताई


१५ सप्टेंबर

ताई,

छपराकडे मी पाहिलंच नाही. त्याचं कोपर खिडकीबाहेर आलेलं होतं, मी त्याच्याकडे बघत होतो.

एका ओळीत सांग म्हणालीस, ते सांगितलं. पुढचं तू मागितलेलं नाहीस, तरी लिहितो. दुसऱ्या कोणाचा मुलगा त्या सीटवर असता तर मी पहिल्या मिनिटाला पाठवला असता. आधीच्या शंभर आगींत तेच करत आलो होतो. लोकांची मुलं. ढब्याला आत पाठवताना मी क्षणभरही थांबलो नव्हतो, तुझा मुलगा असून. तो सगळ्यांत तरबेज होता, असं मी स्वतःला सांगतो. खरंही आहे ते. पण पुरत नाही.

थोडं थांबू, तो स्वतःच सुटेल, असं वाटलं होतं. मग आणखी थोडं. मग त्याचा आवाज बंद झाला.

मी समितीकडे जाऊन सगळं लिहून देतो. आणि लंबूला बसवून सांगतो की तो कच्चा नव्हता, कच्चा मी होतो. तुझ्या शब्दासाठी थांबलोय. तू सांगशील ते करेन. मला शिक्षा हवी आहे, ताई. चार वर्षं मी तिचीच वाट बघतोय.

धाकटा


२२ सप्टेंबर

धाकट्या,

काही करू नकोस.

काल लंबू आला होता, व्हॅन घेऊन. टेबल मोडायला मदत करतो म्हणाला. सैनिक कापसात गुंडाळताना त्याने मला सरळ विचारलं, "आत्या, तू खरं सांग. मी कच्चा होतो म्हणूनच ना?" त्याच्या हातात तेव्हा तो तुझ्या मिशांचा होता.

मी म्हटलं, नाही. म्हटलं, मी तुझ्या बापाला पत्रातून विचारलं. छप्पर पेलणारी कैची वाकलेली त्याने पाहिली होती. कोणीही गेलं असतं तरी परत आलं नसतं, तू नाही आणि ढब्याही नाही. परीक्षेचा काही संबंध नाही. तुझ्यावर त्याचा भरवसा होता, आणि तसा तो आजही आहे.

डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. चाळीस वर्षं मी खोटे दात खऱ्यासारखे केले, हेही जमलं. तो इतका रडला की मला त्याला जमिनीवर बसवावं लागलं. मग उठला, तोंड धुतलं, आणि सगळी खोकी एकट्याने माळ्यावर चढवली. त्याला शिडी लागत नाही.

तेव्हा समितीकडे जायचं नाही. तू तिथे गेलास तर दुसऱ्या दिवशी तो पेपरात वाचेल की त्याला वाचवायला त्याच्या भावाला मरू दिलं. मग त्याचं काय होईल ते तूच सांग. त्याच्याजवळही तोंड उघडायचं नाही. अहवालातल्या खोट्यावर तुझी सही आहे. या खोट्यावर आता माझी आहे. तुला शिक्षा हवी होती, ती मी देणार नाही. तुझं तू बघ.

ढब्या माझा एकुलता एक होता आणि त्याच्या मामाने त्याला मरू दिलं. हे मी आता जन्मभर कोणाला सांगू शकत नाही. तुझ्याशिवाय.

एक गोष्ट तुला त्याच्याकडून कळेलच, पण आधी माझ्याकडून कळू दे. जाताना तो म्हणाला, पुढच्या महिन्यात परत अग्निशमन दलात रुजू होतो. जागा आहे, उद्याच अर्ज भरतो. कच्चा नव्हतो तर बाहेर का बसू, म्हणाला. मी त्याला आशीर्वाद दिला. दुसरं काय देणार होते? यापुढे भोंगा वाजला की तू घरात बसून ऐकशील. तिथे 'थांबा' म्हणायला तू नसशील. दुसरा कोणी साहेब असेल, आणि त्याला ते कोपर कोणाचं आहे याच्याशी काही देणंघेणं नसेल.

गार्ड मी ट्रेसकट तुझ्याकडे पाठवली आहे, व्हॅनमध्ये ठेवून. एकही कमी झालेला नाही. माझ्या घरात ती मला नको.

आता पत्र लिहू नकोस. तू लिहिलंस तर मला उत्तर द्यावंसं वाटेल.

ताई